काचेच्या पेटीतला पावसाळा
(सामुदायिक रेडिओवरच्या 'गटाची गोष्ट' या कार्यक्रमातलं भाषण)

आज सांगायचं आहे ते घरात आमरी वाढवायच्या काचेच्या पेटीबद्दल. आमरी म्हणजे शहरात ज्याला ऑर्किड म्हणतात ते फूल. लग्नाच्या स्टेजवर, मोठ्या दवाखान्यांच्या काउंटरवर जांभळी-पांढरी, पाकळ्या जाड असलेली फुलं दिसतात ना, ती हीच. जवळ वही असेल तर घ्या, मापं लिहून ठेवायला लागतील.

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच गटांनी आम्हाला विचारलं, "ताई, ऑर्किड आपल्याकडं जगतं का?" विचारण्याचं कारणही आहे. गावोगाव माणसं येतात, रोपं विकतात आणि म्हणतात, "तुम्ही फक्त वाढवा, फुलं आम्ही परत विकत घेतो." ऐकायला गोड वाटतं. पण गटाचा पैसा म्हणजे महिन्याला शंभर-दोनशे करून साठवलेली सगळ्यांची बचत. तो घालण्याआधी हे झाड काय मागतं ते नीट समजून घ्यायला हवं. म्हणून आधी झाड, मग पेटी आणि शेवटी पैशाची गोष्ट, अशा क्रमानं सांगतो.

झाडाला हवं तरी काय?

आमरीच्या बऱ्याच जाती मातीत वाढतच नाहीत. त्या झाडाच्या फांदीवर बसतात. आपण लगेच म्हणतो, "म्हणजे बांडगूळच की!" तसं नाही. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून त्याचा रस पितं. आमरी फांदीचा आधार तेवढा घेते. तिची जाड, पांढरट मुळं हवेत लोंबतात आणि पाऊस, दव, धुकं यांतलं पाणी टिपकागदासारखं शोषून घेतात. सह्याद्रीत पावसाच्या तोंडाला आंब्या-फणसाच्या फांदीवरून गुलाबी-पांढरे तुरे वेणीसारखे लोंबताना दिसतात. आपल्याकडं त्याला सीतेची वेणी म्हणतात. तीही आमरीच.

आता आपल्या जिल्ह्याकडं बघा. सातारा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि इकडं माणदेशात पाचशेच्या आसपास. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडच्या हवेतला ओलावा वीस-तीस टक्क्यांवर येतो. वाळत घातलेली कुरडई दोन दिवसांत कडक होते ती याच हवेत. आमरीला ६० ते ८० टक्के ओलावा लागतो. म्हणून बाजारातून आणलेलं रोप महिना-दोन महिने बरं दिसतं, मग पानं सुरकुततात आणि कळ्या न उमलताच गळून पडतात. आपण आणखी पाणी घालतो, त्यानं मुळं कुजतात. वर हवा कोरडी आणि खाली मुळं चिखलात, अशा दुहेरी कात्रीत रोप जातं. मुळात दुखणं हवेचं असतं आणि आपण औषध मुळाला देत बसतो.

पेटी कशासाठी, त्याचं उत्तर यातच आहे. सगळ्या घराची हवा काही ओली करता येत नाही. पण दोन-अडीच फुटांच्या काचेच्या कपाटात पावसाळ्यातली हवा धरून ठेवता येते.

ही युक्ती जुनी आहे. लंडनमध्ये नथॅनियल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. शहरात कोळशाचा धूर इतका, की त्यांनी लावलेली नेच्याची झाडं जगत नव्हती. १८२९च्या सुमाराला त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीत घालून झाकणबंद बाटलीत ठेवला. पतंग राहिला बाजूला, त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं. बाटलीतलं पाणी वाफ होऊन काचेला लागायचं आणि परत खाली उतरायचं. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या केल्या. १८३३ साली अशा पेट्यांतून रोपं जहाजानं ऑस्ट्रेलियात सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली. पुढं चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत आली तीही याच पेट्यांतून.

काय काय लागेल

नवीन पेटी करायला जाऊ नका. भंगारवाल्याकडं किंवा बंद पडलेल्या दुकानात काचेची जुनी शोकेस मिळते. घरात भांड्यांची शोकेस रिकामी असेल तर ती उत्तमच. माप साधारण असं घ्या: रुंदी २ फूट, खोली दीड फूट, उंची अडीच ते तीन फूट. उंची हवीच, कारण फुलाचा दांडा दीड-दोन फूट वर जातो. वरचा भाग काचेचा असावा, कारण दिवा काचेच्या बाहेरून वर ठेवायचा आहे. लाकडी असेल तर सुताराकडून वरची फळी काढून तिथं काच बसवून घ्या. काचवाल्याला कडा घासून द्यायला सांगा, नाहीतर हात कापतो.

बाकी सामान असं:

• तळाला बसेल असा, तीन इंच खोल प्लास्टिकचा ट्रे
• बारीक खडी, ट्रेमध्ये दीड-दोन इंच थर होईल इतकी
• ट्रेवर ठेवायला प्लास्टिकची मजबूत जाळी
• काच चिकटवायच्या सिलिकॉनची एक ट्यूब
• ऑइल पेंट
• मच्छरदाणीच्या जाळीचे दोन तुकडे
• दोन फुटी, १० वॅटच्या, पांढऱ्या उजेडाच्या दोन एलईडी ट्यूब
• मोबाइलच्या चार्जरवर चालणारा ५ व्होल्टचा छोटा पंखा
• तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा मीटर

मीटर वगळू नका. तापाच्या पेशंटला थर्मामीटर न लावता औषध देण्यासारखं होईल ते.

पेटी तयार करताना

पहिलं काम रंगाचं. शोकेस लाकडी किंवा प्लायवूडची असेल तर आतून ऑइल पेंटचे दोन हात द्या. प्लायवूडला सतत ओल लागली की ते फुगतं आणि पदर सुटतात. खालचे कोपरे आणि सांधे सिलिकॉननं बुजवा. त्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, पेटी उघडी ठेवा. तोपर्यंत रोप आत ठेवायचं नाही.

दुसरं काम हवेच्या वाटेचं. एका बाजूला खालून चार बोटांवर एक भोक आणि समोरच्या बाजूला वरून चार बोटांवर दुसरं. भोक दोन इंचांचं, लाकडात पाडायचं. काचेला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका. बाजू काचेच्या असतील तर मागच्या फळीत पाडा, एक खाली डावीकडं, एक वर उजवीकडं. गरम हवा हलकी, ती वरून निघते आणि खालून ताजी येते, चुलीच्या धुराड्यासारखं. दोन्ही भोकांना आतून जाळी लावा म्हणजे डास-झुरळं शिरणार नाहीत. शोकेसला सरकत्या काचा असतील तर त्यांच्या मधल्या फटीतूनही हवा खेळते. ती फट बुजवू नका.

तिसरं काम पाण्याचं. ट्रेमध्ये खडी पसरा आणि पाणी खडीच्या अर्धा इंच खालपर्यंतच भरा. वर जाळी ठेवून कुंड्या जाळीवर मांडा. कुंडीचा तळ पाण्याला लागता कामा नये. खालचं पाणी हळूहळू वाफ होतं आणि हवा ओली राहते. एवढंच त्याचं काम.

चौथं काम पंख्याचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. ओली हवा एका जागी थांबली की बुरशी धरते. पावसाळ्यात बंद ट्रंकेतल्या साड्यांना वास येतो तसंच. पंखा वरच्या कोपऱ्यात, तोंड काचेकडं करून लावा. वारा काचेवर आपटून सगळीकडं फिरायला हवा. पान किंचित हललं तर बरोबर, फडफडलं तर वारा जास्त.

पाचवं काम दिव्याचं. दोन्ही ट्यूब वरच्या काचेवर, बाहेरून. त्यामुळं दिव्याची ऊब आणि आतलं पाणी एकमेकांपासून लांब राहतात. रोज १२ तास लावा, रात्री बंद, कारण झाडालाही रात्र लागते. रोप लहान असताना कुंडी उलट्या कुंडीवर ठेवून उजेडाजवळ न्या. दांडा वाढायला लागला की खाली उतरवा.

विजेचा खर्च विचाराल तर हिशेब सोपा आहे. २० वॅट गुणिले १२ तास म्हणजे दिवसाला पाव युनिटाच्या जरा आत. महिन्याचे सव्वासात युनिट. पंखा दोन वॅटचा धरला तर चोवीस तास चालून महिन्याला दीड युनिट. सगळे मिळून नऊ युनिटच्या आत. आपल्या बिलावरचा दर बघून गुणाकार करा.

विजेबद्दल एक ताकीद. चार्जर आणि बोर्ड पेटीच्या बाहेर, ट्रेपेक्षा उंच जागी असावा. वायर बोर्डाकडं नेताना मध्ये खाली झोळ सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातच गळून पडेल, प्लगात जाणार नाही. ओल्या हातानं बटणाला हात लावायचा नाही. आणि पेटी मागच्या भिंतीला पट्टीनं आवळून टाका. घरात लेकरं आहेत, मांजर आहे.

पेटी ठेवायची कुठं?

पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीजवळ, पण ऊन थेट काचेवर पडणार नाही अशी. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बसून बघा, म्हणजे काचेच्या पेटीत काय होतं ते कळेल. एका दुपारीत सगळी रोपं भाजून निघतात. आतलं तापमान १८ ते ३० अंशांत राहिलं तर उत्तम. ३५च्या वर जायला लागलं की दार दोन बोटं उघडा आणि दिवे दुपारी बंद ठेवून पहाटे व संध्याकाळी लावा. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये हे अवघड जातं. तिथं पेटी माळवदाच्या किंवा कौलाच्या खोलीत, जमिनीलगत ठेवावी. तशी खोली नसेल तर हा उद्योग दुसऱ्या सभासदाच्या घरी करावा, ओढूनताणून करू नये.

पेटी नीट चालली आहे का, हे मीटरशिवाय काचही सांगते. सकाळी काचेवर धुकं दिसतं आणि नऊ-दहापर्यंत निघून जातं, तर सगळं ठीक. दिवसभर थेंब ओघळत असतील तर हवा कोंडली आहे, दार थोडं उघडा. धुकं कधीच येत नसेल तर पेटी कोरडी आहे, ट्रेमधलं पाणी बघा.

रोप कुठलं आणि पाणी किती?

या पेटीसाठी फॅलेनॉप्सिस ही जात घ्या. नाव अवघड आहे, नर्सरीत "फॅलेनो" म्हटलं तरी समजतात. पानं रुंद, फुलं पतंगासारखी, आणि उजेड कमी असला तरी चालवून घेते. एक बहर दोन-तीन महिने टिकतो. डेंड्रोबियम ही जात उंच होते आणि तिला उजेड जास्त लागतो, तिची जागा बाहेर शेडनेटखाली. आपल्या मापाच्या पेटीत मोठी चार-पाच रोपं मावतात. त्याहून जास्त कोंबू नका.

कुंडीत माती घालायची नाही. लोणारी कोळशाचे तुकडे, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं, सगळं अंगठ्याएवढं, धुऊन घालायचं. भोकं असलेली पारदर्शक प्लास्टिकची कुंडी मिळाली तर मुळं दिसतात, आणि मुळंच पाणी मागतात. मुळं रुपेरी-पांढरी झाली की पाणी द्या. हिरवी असतील तोवर थांबा. पेटीत साधारण आठवड्यातून एकदा पुरतं. पाणी सकाळी द्या. पानांच्या मधल्या खोबणीत थेंब राहिला तर कापसानं टिपून घ्या, तिथूनच रोप कुजतं.

पाणी कुठलं, हा आपल्या भागातला मोठा प्रश्न. बोअरचं जड पाणी दिलं की कुंडीवर आणि मुळांवर पांढरे थर धरतात. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा. चार रोपांना ते बरेच महिने पुरतं. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे बाहेर टाकलं जातं ते मात्र देऊ नका, त्यात क्षार जास्त असतात. खत म्हणून १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. जास्त दिलं तर मुळांची टोकं काळी पडतात.

नवीन रोप आणलं की पंधरा दिवस पेटीबाहेर वेगळं ठेवा. पानाखाली पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडानं पुसून काढा. बंद पेटीत विषारी औषध फवारू नका. ती हवा परत आपल्याच घरात येते.

आणि ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला ओतून, ट्रे घासून, खडी धुऊन नवीन भरा. आशाताई घरोघरी येऊन कोरडा दिवस पाळायला सांगतात, तो ट्रेलाही लागू आहे. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. फुलापायी घरात ताप आला तर काय उपयोग?

मैत्रिणींनी विचारलेले प्रश्न

*रानातली सीतेची वेणी आणून लावली तर?*
आणू नका. राखीव जंगलातून झाड काढणं गुन्हा आहे. शिवाय आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि फुलावर यायला कित्येक वर्षं जातात. एक वेणी ओरबाडली तर ती जागा लवकर भरत नाही. तिला पावसाळ्यानंतर कोरडी हवा आणि भरपूर उजेडही लागतो, त्यामुळं पेटीत ती सुखानं राहायची नाही. नर्सरीत मिळतात ती रोपं प्रयोगशाळेत वाढवलेली असतात. तीच पावती घेऊन आणा.

*फूल गेल्यावर रोप टाकून द्यायचं का?*
मुळीच नाही. दांडा वाळला की खालून कापा आणि रोप सांभाळा. थंडीत रात्री गार झाल्या, की काही आठवड्यांनी नवा दांडा निघतो. आपल्याकडची थंडी त्याला पुरेशी आहे. तेवढ्या दिवसांत पेटी चुलीजवळ ठेवू नका.

*लाइट गेली तर?*
दोन-चार तासांनी काही बिघडत नाही. दिवसभर जाणार असेल तर दार दोन बोटं उघडं ठेवा, म्हणजे हवा कोंडणार नाही.

*यातून गटाला पैसे मिळतील का?*
हा खरा प्रश्न. एका पेटीत चार-पाच रोपं. प्रत्येकाला बहुतेक वर्षातून एकदा बहर. एवढ्यात फुलांचा धंदा होत नाही, आणि जो कुणी तसं सांगेल त्याच्याकडं संशयानंच बघा. "फुलं परत घेऊ" म्हणणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. भाव किती, ते स्टॅम्पपेपरवर लिहून देणार का? फूल कुठल्या प्रतीचं असलं तर घेणार? याआधी ज्या गटांकडून घेतलं त्यांच्याशी आमची गाठ घालून देणार का? तिन्हींचं उत्तर नीट मिळालं नाही तर चहा पाजून वाटेला लावा.

व्हॅनिलाची गोष्ट लक्षात ठेवा. व्हॅनिला हीसुद्धा आमरीचीच वेल. २००३च्या आसपास तिच्या शेंगांचे भाव आभाळाला भिडले, तेव्हा केरळ-कर्नाटकातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी ती लावली. पुढच्या दोन-तीन वर्षांत भाव कोसळले आणि वेली तशाच राहिल्या. त्यांचं कष्टात काही कमी नव्हतं. भाव आपल्या हातात नसतो, हे मात्र सगळ्यांनाच महागात पडलं.

मग करायचं काय? आमचा सल्ला असा. गटात एकच पेटी करा. त्यासाठी अंतर्गत कर्ज काढू नका. जुनी शोकेस आणि दोन रोपं, इथूनच सुरुवात. ज्या सभासदाच्या घरी जागा बरोबर आहे तिच्याकडं पेटी ठेवा आणि दर आठवड्याला ट्रे धुवायची पाळी लावून घ्या. एक वही करा. त्यात तारीख, सकाळ-दुपारचं तापमान, ओलावा, पाणी कधी दिलं आणि खर्च किती झाला ते लिहा. एक उन्हाळा आणि एक हिवाळा जाऊ द्या. मे महिना काढून रोपं जगली आणि थंडीनंतर दांडा आला, तर तुमच्या घरात हे जमतं असं म्हणता येईल.

त्यानंतर कमाईच्या वाटा बघता येतात, आणि त्या फुलांपेक्षा पेटीत जास्त आहेत. तालुक्याच्या गावी दवाखाना, लॉज, बँकेची शाखा, मंगल कार्यालय यांना फुललेली पेटी ठेवायला आवडते, पण सांभाळायला माणूस नसतो. पेटी करून देणं आणि आठवड्याला येऊन तिची निगा ठेवणं, हे काम आपण करू शकतो. त्याचा दर ठरवताना वहीतला खर्च, जाण्या-येण्याचं भाडं आणि आपला वेळ, तिन्ही धरा. आपला वेळ फुकट धरायची सवय आपल्याला घरातूनच लागलेली असते, ती निदान गटाच्या हिशेबात तरी मोडू या.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ज्यांच्याकडं जुनी शोकेस आहे त्यांनी तिचं माप काढून आणा, आणि कुणाच्या कुठल्या खोलीत दुपारी किती तापतं ते आठ दिवस लिहून आणा. शंका आल्या तर रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा, पुढच्या भागात त्यांची उत्तरं देऊ. येतो आता. नमस्कार.